यकृताची खतावणी

व्यापारी कुटुंबांतून वार्षिक आरोग्य तपासणीची चाल आता चांगलीच रुळली आहे. दिवाळीनंतर दुकानाचा हिशेब मार्गी लागला, की घरातील चार-पाच जण एकाच सकाळी रक्त देतात. संध्याकाळपर्यंत अहवाल मोबाइलवर येतो. साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड या तीन ओळी वाचल्या, की तो बंद होतो. मध्ये कोठे तरी ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ या मथळ्याखाली दहा-अकरा आकडे छापलेले असतात. त्यांतील एखाद्यापुढे बाणाची खूण दिसली, तरी वडीलधारी माणसे निश्चिंत असतात. यकृताचा विकार म्हणजे दारूचा परिणाम, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते आणि घरात तर कोणी पीत नाही.

मद्यत्यागाने यकृताचे मोठे रक्षण होते, यात शंका नाही. उकळून थंड केलेले पाणी पिण्याच्या परंपरेने दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारच्या काविळीपासून किती पिढ्या वाचल्या असतील, याची तर गणतीच नाही. परंतु या दोन दारांवर पहारा असताना तिसरे दार उघडे राहिले. मैदा, साखर, तूप आणि तळलेले फरसाण यांतून गरजेपेक्षा अधिक ऊर्जा पोटात जात राहिली आणि दिवसाचे दहा तास गादीवर किंवा काउंटरमागे बसण्यात गेले, तर यकृत शिल्लक साखरेची चरबी करून स्वतःच्याच पेशींत साठवू लागते. हेच ‘फॅटी लिव्हर’. मद्याचा थेंबही न घेणाऱ्यांत हा विकार इतका पसरला आहे, की फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, कर्करोग व हृदयविकार यांच्यासाठी असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा समावेश केला. अंगाने सडपातळ, पण पोट सुटलेला माणूसही यातून सुटत नाही. आशियाई लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर मानली जाते. टेपने एकदा मोजून पाहण्यास काहीच खर्च नाही.

हा विकार उशिरा कळतो, याचे कारण यकृताच्या रचनेतच आहे. उजव्या बरगड्यांखाली असलेला हा सुमारे दीड किलोचा अवयव गरजेपेक्षा कितीतरी अधिक क्षमता बाळगून असतो. प्रत्यारोपणासाठी निरोगी दाता आपल्या यकृताचा अर्ध्याहून अधिक भाग देऊ शकतो आणि उरलेला भाग काही आठवड्यांतच पुष्कळसा वाढून येतो. मोठी गंगाजळी असलेली पेढी वर्षानुवर्षे तोटा सोसते, पण बाहेरच्यास चाहूल लागत नाही, तसेच येथे घडते. यकृतात वेदना जाणवणाऱ्या नसा जवळपास नसतात, त्यामुळे दुखणे ही सूचनाही मिळत नाही. पाय सुजले, पोटात पाणी झाले किंवा रक्ताची उलटी झाली, की गंगाजळी संपली असे समजावे. म्हणून वेळेवर काही कळायचे असेल, तर ते रक्ताच्या आकड्यांतूनच.

आता हे आकडे. त्यांची नावे लांबलचक असली, तरी ते मुख्यतः दोन जातींचे आहेत आणि हा भेद ध्यानात घेतला, तर अर्धा अहवाल उलगडतो. पहिली जात गळतीची. एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन विकरे पेशींच्या आत काम करतात. काही अहवालांत त्यांनाच एएसटी व एएलटी म्हणतात. पेशी दुखावली, की ती रक्तात पाझरतात. गोदामातील माल रस्त्यावर सांडलेला दिसावा, तसे हे आहे. सांडलेला माल मोजून नुकसान चालू आहे एवढे कळते. गोदामात किती उरले ते कळत नाही. दुसरी जात क्षमतेची. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनवते. रक्त गोठवणारे घटकही बहुतेक यकृतच बनवते आणि त्यांचे मोजमाप ‘प्रोथ्रॉम्बिन टाइम’ किंवा ‘आयएनआर’ या चाचणीने होते. यकृत काम करते की नाही, हे सांगणारे खरे आकडे हेच. आश्चर्य असे, की नेहमीच्या पॅकेजमध्ये आयएनआर नसतेच. ‘फंक्शन टेस्ट’ या नावाने जे विकले जाते, त्यात कार्य मोजणारे आकडे थोडेच असतात.

एसजीओटी तर मुळात यकृताची म्हणून नावारूपाला आलीच नाही. 1954 साली न्यूयॉर्क येथील लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तात ती वाढते, असे दाखवले. यकृताच्या रोगांतही ती वाढते, हे त्यापाठोपाठ लक्षात आले. हृदय, स्नायू आणि तांबड्या पेशी या सर्वांत ती असते. म्हणूनच आदल्या दिवशी डोंगर चढून आलेल्या किंवा व्यायामशाळेत नव्यानेच जाऊ लागलेल्या तरुणाची एसजीओटी वाढलेली दिसू शकते; एसजीपीटीही थोडी वाढते. पालिताण्याची यात्रा करून परतल्यावर लगेच रक्त देऊ नये, ते यासाठीच. अल्कलाइन फॉस्फेटेज या ओळीचेही तसेच आहे. ते यकृतातून येते तसे हाडांतूनही येते. वाढत्या वयाच्या मुलात किंवा गरोदर स्त्रीत तो आकडा मोठा दिसला, तर घाबरण्याचे कारण नसते. ‘जीजीटी’ हा आकडा सोबत वाढलेला असेल, तर मात्र संशयाची सुई पित्तमार्गाकडे वळते.

एसजीपीटीच्या बाबतीत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. प्रयोगशाळा आपल्या अहवालावर मर्यादा छापते ती बहुधा 40 ते 55 युनिटांच्या आसपास. अमेरिकेतील पचनसंस्थेच्या तज्ज्ञांच्या संस्थेने 2017 साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार खऱ्या अर्थाने निरोगी माणसाची वरची मर्यादा पुरुषांत 29 ते 33 आणि स्त्रियांत 19 ते 25 युनिट इतकीच मानावी. म्हणजे 38 युनिट एसजीपीटी असलेल्या गृहिणीच्या अहवालावर कोणतीही खूण उमटत नाही, पण तज्ज्ञाच्या दृष्टीने तो आकडा विचार करण्याजोगा असतो. याच्या उलट, फॅटी लिव्हर असलेल्या अनेकांची एसजीपीटी त्या कडक मर्यादेतही बसते. यकृत कडक होत गेले, की दुखावण्याजोग्या पेशीच कमी उरतात आणि आकडा खाली येऊ शकतो. तीन वर्षांत एसजीपीटी 90 वरून 45 वर आली म्हणून पेढे वाटण्याआधी इतर आकडे पाहावेत. वजन कमी झाले असेल, तर उतार खरा. वजन होते तेवढेच असेल, तर शंका घ्यावी.

इतर आकडे कोणते, याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. ‘फिब-4’ या नावाचे हे सूत्र 2006 साली प्रसिद्ध झाले. यकृतात व्रणासारखे कडक धागे कितपत तयार झाले असावेत, याचा अंदाज त्यातून मिळतो. त्याला वेगळे रक्त लागत नाही. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेटच्या संख्येला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. प्लेटलेटचा आकडा हजारांत घ्यायचा, म्हणजे 1.80 लाख असतील तर 180.

समजा, वय 52, एसजीओटी 48, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 1.80 लाख आहेत. 52 गुणिले 48 म्हणजे 2496. 64 चे वर्गमूळ 8, त्याला 180 ने गुणले की 1440. भागाकार 1.73 येतो. आता बाकी सारे तेच ठेवून प्लेटलेट 2.60 लाख धरल्या, तर छेद 2080 होतो आणि उत्तर 1.2 येते. दोन्ही माणसांच्या ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’मध्ये एका अक्षराचाही फरक नाही. फरक आहे तो रक्तपेशींच्या वेगळ्या पानावरील प्लेटलेटच्या ओळीत. यकृत कडक झाले, की प्लीहेकडून येणाऱ्या रक्ताला अडथळा होतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तेथे अडकून पडतात. 1.3 पेक्षा कमी उत्तर आले, तर पुढच्या टप्प्याचा विकार असण्याची शक्यता कमी. 1.3 ते 2.67 या दरम्यान आले, तर ‘फायब्रोस्कॅन’ ही सुईविना होणारी तपासणी करून घ्यावी. त्याहून अधिक आले, तर यकृततज्ज्ञाची भेट लांबणीवर टाकू नये. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची मर्यादा 2 धरतात, कारण वय स्वतःच गुणाकारात बसलेले आहे. पस्तिशीच्या आतील माणसांत हे गणित भरवशाचे नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट उतरलेल्या आणि एसजीओटी चढलेली असताना तर ते करूच नये. मधुमेह असलेल्यांनी मात्र एसजीपीटी सामान्य असली, तरी दर एक-दोन वर्षांनी ते करून डॉक्टरांना दाखवावे. मुनिमाला पाच मिनिटे लागणार नाहीत असे हे काम आहे आणि तरीही बहुतेक घरांत ते होत नाही.

बिलिरुबिनची गोष्ट वेगळी आहे आणि तप करणाऱ्या कुटुंबांसाठी तिचे महत्त्व विशेष आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर हा पिवळा पदार्थ तयार होतो. यकृत त्यावर प्रक्रिया करून तो पित्तावाटे बाहेर टाकते. प्रक्रिया झालेला भाग ‘डायरेक्ट’, न झालेला ‘इनडायरेक्ट’. एकूण प्रमाण साधारण 1.2 मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीनच्या घरात गेले, की डोळे पिवळे दिसू लागतात.

शंभरातील सुमारे पाच माणसांत ही प्रक्रिया करणारे विकर जन्मतःच थोडे कमी असते. 1901 साली पॅरिसच्या ऑगस्टिन गिल्बर्ट यांनी सहकाऱ्यासह याचे वर्णन केले, म्हणून त्याला गिल्बर्टचे नाव मिळाले. हा रोग मानावा असा रोगच नाही. पण उपवास घडला, की अशा माणसाचे बिलिरुबिन दोन दिवसांत दुप्पट-तिप्पट होते. एके काळी डॉक्टर हे निदान करण्यासाठी मुद्दाम अल्पाहार देऊन रक्त तपासत असत. पर्युषणात अठाई करणाऱ्या एखाद्या तरुणाचे डोळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिवळसर दिसले, की घरात धावपळ उडते. रक्त तपासले तर बिलिरुबिन तीनच्या आसपास, त्यातील डायरेक्ट भाग अगदी थोडा, एसजीपीटी, अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन जागच्या जागी. पारणे झाल्यावर एक-दोन दिवसांत आकडा खाली येतो. मध्यंतरी कोणी काविळीची माळ घातली असेल, तर श्रेय माळेला जाते. अर्थात हे निदान डॉक्टरांनीच करायचे. तपश्चर्येत डोळे पिवळे झाले म्हणजे गिल्बर्टच, असे घरच्या घरी ठरवणे धोक्याचे आहे. डायरेक्ट भाग वाढलेला असेल, सोबत अल्कलाइन फॉस्फेटेज चढलेले असेल, लघवी गडद आणि शौच मातकट-पांढरी होत असेल, तर पित्तनलिकेत खडा किंवा अन्य अडथळा असू शकतो. तेथे त्याच दिवशी सोनोग्राफी हवी.

या अनुभवावरून निघणारा व्यवहार सोपा आहे. वार्षिक तपासणी चातुर्मास लागण्यापूर्वी करावी किंवा पारण्यानंतर दोन-तीन आठवडे थांबून करावी. लांब तपाच्या मध्यावर काढलेला अहवाल इतर वर्षांच्या अहवालांशी जुळत नाही आणि डॉक्टरांचीही दिशाभूल करतो. तप चालू आहे किंवा नुकते झाले आहे, हे तपासणीच्या कागदावर लिहून ठेवावे.

काही गोष्टी मात्र या तपासणीत दिसतच नाहीत. ‘हिपॅटायटिस बी’ आणि ‘सी’ हे विषाणू वर्षानुवर्षे शांतपणे राहू शकतात आणि त्या काळात सारे आकडे सामान्य असू शकतात. त्यांच्यासाठी ‘एचबीएसएजी’ आणि ‘अँटी-एचसीव्ही’ या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. आयुष्यात एकदा तरी त्या कराव्यात. हा संसर्ग व्यसनाचा पुरावा नाही. जन्माच्या वेळी आईकडून, पूर्वी कधी घ्याव्या लागलेल्या रक्तातून, न उकळलेल्या सुईतून किंवा न्हाव्याच्या वस्तऱ्यातूनही तो येतो. ‘सी’ आता बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. ‘बी’ औषधाने ताब्यात राहतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून हे उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. लग्न ठरण्याच्या वेळी अशी बाब उघड होईल, या भयाने चाचणीच टाळली जाते, हे वास्तव आहे. परंतु ‘बी’ची लस तीन मात्रांत मिळते आणि जोडीदाराला ती आधीच देता येते. लपवलेला संसर्ग मात्र बाळापर्यंत पोहोचू शकतो.

औषधांचाही उल्लेख आवश्यक आहे. क्षयरोगावरील गोळ्या चालू असताना मळमळ, भूक मंदावणे किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर एसजीपीटी तातडीने पाहावी लागते. वनौषधी म्हणजे निर्धोकच, हेही गृहीत धरू नये. करोनाच्या काळात गुळवेल नित्य घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृतदाह आढळल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांचा आहे. रुग्णाने एवढेच करावे, की घेत असलेली प्रत्येक पुडी आणि काढा डॉक्टरांना सांगावा.

फॅटी लिव्हरवर पहिला उपाय वजनाचा आहे आणि त्याचे माप ठरलेले आहे. पाच टक्के वजन उतरले, की यकृतातील चरबी घटते. सात ते दहा टक्के उतरले, की सूजही ओसरते. 80 किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो. या कामी रात्रिभोजनत्याग ही उत्तम साथ आहे, फक्त सूर्यास्तापूर्वीच्या घाईत ताटात खिचडी-भाजी पडते की पापडी-गाठिया, हे पाहणारा कोणी तरी घरात हवा. महिनाभर एकासणी करून वजन न घटण्याचे रहस्यही त्या एका ताटातच असते.

पण यकृत प्रत्यक्ष आकसून ‘सिऱ्हॉसिस’ झालेल्या माणसासाठी हेच सारे उलटते. निरोगी यकृत दिवसा साखरेचा साठा करते आणि रात्री तो थोडा थोडा सोडते. आकसलेल्या यकृताजवळ हे कोठार उरत नाही. अशा रुग्णाच्या शरीराची एका रात्रीच्या उपवासात जी स्थिती होते, ती निरोगी माणसाची दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर होते. शरीर मग स्वतःचे स्नायू मोडून खाते. म्हणून तज्ज्ञ अशा रुग्णास झोपण्यापूर्वी काही तरी खाण्यास सांगतात. चौविहार पाळणाऱ्या घरात येथे खरी कसोटी लागते. महाराष्ट्रात ऐन हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि सूर्योदय सातच्या सुमारास. त्यावर नवकारशीच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची भर पडली, की उपवास जवळजवळ चौदा तासांचा होतो.

अनेक वृद्ध रुग्ण डॉक्टरांना नियमाविषयी सांगत नाहीत आणि गुरुमहाराजांना रोगाविषयी सांगत नाहीत. दोघेही मग अर्ध्या माहितीवर सल्ला देतात. पच्चक्खाणात आगार असतात. आजारपणाचा आणि समाधीचा विचार शास्त्रकारांनी आधीच केलेला आहे. कोणती सूट घ्यावी, कोणती घेऊ नये, सूर्यास्तापूर्वीचा आहार अगदी अखेरच्या घटकेपर्यंत नेऊन त्यात दूध किंवा सातू यांची भर घातल्यास भागेल का, की पहाटेचा नियम तेवढा सोडावा, हे त्या रुग्णाच्या अवस्थेवर ठरेल. त्यासाठी शेवटचे तीन अहवाल, औषधांची यादी आणि घेतलेल्या नियमांची यादी एकाच पाकिटात ठेवून आधी डॉक्टरांकडे आणि मग त्यांच्या चिठ्ठीसह महाराजसाहेबांकडे जावे. हे काम चातुर्मासाचा प्रवेश होण्यापूर्वी व्हावे, कारण एकदा सभेत उभे राहून नियम घेतल्यावर तो बदलून मागण्याचा संकोच सत्तरीतल्या माणसाला फार होतो.